पोटातलं ओठांवर : आतड्यात पाणी नेमकं शिरतं कुठून?

या वेळच्या टपालात पाण्याचाच विषय जास्त होता. पावसाळा तोंडावर आलाय, त्यामुळे असेल. पत्रं लांबलचक होती. कात्री मी लावली आहे, मजकूर वाचकांचा.

प्रश्न : मॅडम, मी कराडजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पेशीपटलाचा धडा चालू असताना मी मुलांना सांगितलं, की पाणी आत-बाहेर जाण्यासाठी पेशींवर अ‍ॅक्वापोरिन नावाची खास प्रथिनं असतात, आतड्याच्या पेशींवरही असतात. त्यावर एका मुलीनं विचारलं, "सर, पाण्यासाठी वेगळी वाट आहे, तर मग जुलाब झाल्यावर साखर-मीठ कशाला घालायचं? नुसतं पाणी प्यायलं की झालं!" मला समाधानकारक उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का?

सर, त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तिनं विचारलेल्या प्रश्नावर आमच्या क्षेत्रातली माणसं साठ वर्षं भांडत आली आहेत आणि भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

आधी आकडे बघू. आपण दिवसाला खाऊन-पिऊन दोनेक लिटर पाणी पोटात घालतो. पण आतड्यात उतरतं ते जवळजवळ नऊ लिटर. उरलेलं सात लिटर आपलंच असतं : लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यानं स्वतः सोडलेला रस. या नऊ लिटरपैकी शौचावाटे बाहेर पडतं ते शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं परत रक्तात. लहान आतडं त्यातला मोठा वाटा उचलतं, मोठं आतडं शेवटचा दीडेक लिटर. त्यामुळे जुलाब म्हणजे "बाहेरचं काहीतरी पोटात गेलं आणि बाहेर आलं" असं नसतं. आपलंच पाणी परत घ्यायचं राहून जातं किंवा जास्तीचं आतड्यात सुटतं.

आता हे पाणी पेशीतून जातं कसं? पेशीपटल तेलकट असतं, त्यातून पाणी हळूहळू झिरपतं. पण तांबड्या रक्तपेशीतून किंवा मूत्रपिंडातून पाणी ज्या वेगानं जातं, त्याचा हिशेब झिरपण्यात बसत नव्हता. कुठेतरी छिद्र असणार असा अंदाज फार जुना होता. ते छिद्र हाती लागलं तेही दुसरंच काही शोधताना. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर एग्रे हे रक्तगटाच्या ऱ्हीसस प्रथिनामागे होते. ते शुद्ध करताना दरवेळी एक लहानसं अनोळखी प्रथिन सोबत यायचं. हे काम करतं तरी काय, ते कळेना. शेवटी १९९२ साली त्यांच्या गटानं ते प्रथिन झेनोपस या आफ्रिकन बेडकाच्या अंड्याच्या पटलावर बसवलं आणि अंडं क्षार कमी असलेल्या पाण्यात टाकलं. साधं अंडं अशा पाण्यात निवांत पडून राहतं, कारण बेडूक अंडी घालतो तीच तळ्यात. प्रथिन बसवलेलं अंडं मात्र डोळ्यांदेखत फुगत गेलं आणि काही मिनिटांत फुटलं. पाऱ्याचा क्षार घातला की फुगणं मंदावायचं, म्हणजे पाणी त्या प्रथिनातूनच जात होतं. मला हा प्रयोग फार आवडतो. यंत्रसामग्री बेताची आणि निकाल असा, की शेंबड्या पोरालाही दिसावा. २००३ साली एग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आयन-मार्गिकांवर काम करणारे रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत विभागून. रुमानियाच्या गेओर्गे बेंगा यांनी १९८६ सालीच तांबड्या पेशीत पाण्याच्या वाटेचं प्रथिन दाखवलं होतं, हे मात्र बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत. म्हणून मी सांगते.

माणसात या कुळातली तेरा प्रथिनं आहेत, शून्य ते बारा असे क्रमांक. छिद्र सर्वांत अरुंद जागी ०.२८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पाण्याचा एक रेणू जेमतेम मावेल इतकंच. तिथून रेणू जातात ते पंढरपूरच्या दर्शनबारीसारखे, एकामागे एक, घोळका करून कुणाला आत घुसता येत नाही. तरीही सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू एका छिद्रातून पार होतात. आणि पाण्याच्या रांगेला धरून हायड्रोजनचे आयन आत घुसत नाहीत, हे त्याहून नवल. ते घुसले असते तर पेशीच्या आम्लतेचा बट्ट्याबोळ झाला असता.

आतड्यात यातली बरीच सापडतात. माणसाच्या लहान आतड्यात दहा क्रमांकाचं, मोठ्या आतड्यात तीन आणि आठ क्रमांकांची, आणि आतड्याच्या केशवाहिन्यांच्या पेशींवर एक क्रमांकाचं, तेच एग्रे यांचं पहिलं. इथवर तुमचा धडा बरोबर.

पण सर, छिद्राला दिशा नसते. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. अ‍ॅक्वापोरिन पाणी ओढत नाही, ढकलत नाही. शरीरात सोडियमला पंप आहे, कॅल्शियमला पंप आहे, आम्लाला पंप आहे. पाण्याला पंप नाही. क्षार ज्या बाजूला जातील त्या बाजूला पाणी मागोमाग जातं. छिद्र असेल तर भरभर जातं, नसेल तर सावकाश, एवढाच फरक.

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आम्ही एक जुना प्रयोग दाखवायचो. १९५४ साली विल्सन आणि वाइसमन यांनी रूढ केलेला. उंदराच्या लहान आतड्याचा बोटभर तुकडा थंड सलाइननं धुवायचा, बारीक काचेच्या कांडीवर घेऊन उलटा करायचा, म्हणजे शोषणारी मखमली बाजू बाहेर येते. एक टोक दोऱ्यानं बांधायचं, आत थोडं क्षारद्रावण भरायचं, दुसरं टोक बांधायचं. ती पिशवी तराजूवर तोलायची आणि त्याच द्रावणाच्या भांड्यात सोडायची. लक्षात घ्या, आत आणि बाहेर द्रावण एकच. तीव्रतेत तसूभरही फरक नाही, म्हणजे नुसत्या परासरणानं (पाणी पातळ द्रावणातून दाट द्रावणाकडे जाण्यानं) पाणी हलायचं काही कारण नाही. भांडं शरीराच्या तापमानाला ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत राहायचं. तासाभरानं पिशवी काढून टिपकागदावर टेकवून पुन्हा तोलली, की जड भरते. आतलं पाणी वाढलेलं असतं. द्रावणात ग्लुकोज असेल तर चांगलंच वाढतं, नसेल तर फारसं नाही. ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन सोडला की सगळं ठप्प. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा दुसऱ्यांदा तोलताना तराजूभोवती गर्दी करायची.

काय झालं त्या पिशवीत? पेशीच्या मागच्या अंगाला, म्हणजे रक्ताच्या बाजूला, सोडियम-पोटॅशियम पंप असतो, तो ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर फेकत राहतो. पेशीत सोडियमचा तुटवडा होतो. पुढच्या अंगाला, म्हणजे आतड्याच्या पोकळीकडे, एसजीएलटी-१ नावाचं वाहक प्रथिन असतं. ते सोडियमला आत घेतं, पण ग्लुकोजचा रेणू सोबत असेल तरच. ही जोडगोळी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग शहरातल्या परिषदेत मांडली. ग्लुकोज आलं की सोडियम आत जातो, तो मागच्या अंगाला फेकला जातो, तिथे क्षार साठतात आणि पाणी त्यांच्या मागे येतं. जुलाबात देतात त्या ओआरएसमधली, म्हणजे साखर-मिठाच्या पाण्यातली, साखर ताकदीसाठी नसते हो. ती सोडियमचं तिकीट असते.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, याचंच प्रत्यंतर येतं. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं, की पटकीचा जंतू आतड्याचं अस्तर फाडत नाही, तो विष सोडतो. पुढे कळलं, की त्या विषानं पेशी क्लोराइड आतड्यात ओतू लागतात आणि मीठ शोषण्याची नेहमीची वाट बंद होते. क्लोराइडपाठोपाठ सोडियम आणि त्यांच्यामागे पाणी, तासाला लिटरभरसुद्धा. छिद्रं उघडीच असतात, फक्त ओढ उलट्या दिशेला. अशा वेळी नुसतं पाणी प्यायलं तर? आतड्याचं अस्तर गळकं असतं. रक्तातलं मीठ उलट आतड्यातल्या पाण्यात उतरतं, पाणी आत जायचं कारण उरत नाही, आणि जे थोडं जातं ते रक्तातलं सोडियम पातळ करतं. पण ग्लुकोज-सोडियमची जोडगोळी पटकीतही धडधाकट असते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांनी बनगावची छावणी भरून गेली, शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी ड्रममधून याच जोडगोळीला साजेसं पाणी वाटलं : लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. मृत्यूंचं प्रमाण शेकडा तीसच्या घरातून चारच्या खाली आलं. तेव्हा अ‍ॅक्वापोरिन कुणी ऐकलंही नव्हतं.

मग आतड्यात ही प्रथिनं आहेत तरी कशाला? खरं सांगायचं तर इथेच भांडण आहे. मूत्रपिंडात यांचं महत्त्व वादातीत. दोन क्रमांकाचं अ‍ॅक्वापोरिन जन्मतः बिघडलेलं असेल तर लघवी दिवसाला दहा लिटरवर जाऊ शकते. आतड्यात मात्र तसं दिसत नाही. चार क्रमांकाचं प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यातून पाणी कमी वेगानं जातं, पण त्यांच्या लेंड्या इतर उंदरांसारख्याच. आठ क्रमांकाचं काढलेले उंदीरही जवळपास ठणठणीत. जगात मोजकीच माणसं अशी आहेत, ज्यांच्यात एक क्रमांकाचं प्रथिन मुळातच नाही. त्यांना फार वेळ पाणी मिळालं नाही तर लघवी नीट घट्ट होत नाही, पण जुलाबाचा त्रास नाही. कारण आतड्यात पाण्याला पर्याय पुष्कळ. दोन पेशींच्या सांध्यातून क्लॉडिन-२ नावाचं प्रथिन सोडियमसोबत पाणीही सोडतं. एसजीएलटी-१ स्वतःच दर फेरीला दोनशेहून अधिक रेणू पाणी सोबत नेतं, असं १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड लू आणि अर्नेस्ट राइट यांनी मांडलं. ते मानणारे आहेत, न मानणारेही आहेत. माझं मत विचाराल तर लहान आतड्यात अ‍ॅक्वापोरिन हा अनेक वाटांतला एक, आणि खरी कामगिरी मोठ्या आतड्यात. तिथे सांधे घट्ट, आतला ऐवज घट्ट होत चाललेला आणि उरलेलं पाणी पिळून घ्यायचं असतं. पाठ्यपुस्तकात "पाणी अ‍ॅक्वापोरिनमधून शोषलं जातं" असं एका ओळीत उरकतात. तुम्ही वर्गात उरकू नका.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितो. वय ७१. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ पाण्याचं यंत्र दाखवायला आले होते. त्यातून "मायक्रो-क्लस्टर" पाणी निघतं, त्याचे गुच्छ लहान असल्यानं ते आतड्यातल्या अ‍ॅक्वापोरिनमधून सहापट वेगानं जातं आणि या शोधाला नोबेल मिळालं आहे, असं त्यांनी सांगितलं. माहितीपत्रकात नोबेल विजेत्याचा फोटोही आहे. घ्यावं का?

काका, घेऊ नका. किंमत तुम्ही पत्रात कळवली आहे. ती वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

नोबेल खरं, फोटो खरा, प्रथिनही खरं. खोटं आहे ते मधलं. वर सरांना सांगितलं तसं, त्या छिद्रातून पाणी एकेका रेणूनंच जातं. गुच्छ लहान असो की मोठा, छिद्राशी तो सुटणारच. आणि गुच्छ तरी कुठला? पाण्याच्या रेणूंमधले बंध सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या हिशेबात तुटतात आणि जुळतात. यंत्रातून पेल्यात पडेपर्यंत त्यांची पूर्वीची मांडणी शिल्लक राहत नाही, मग जठर ओलांडून आतड्यापर्यंत कुठली पोचायला? शिवाय पोचेपर्यंत त्या पाण्यात तुमचेच रस मिसळलेले असतात.

आता समजा, पाणी खरंच सहापट वेगानं गेलं. तर काय होईल? अर्ध्या तासात लघवीला जावं लागेल. निरोगी माणसाचं आतडं पाणी शोषायला कमी पडत नाही, त्याला मदतीची गरज नाही. त्या गृहस्थांना एवढंच विचारा, पाणी आत जाताना वेग वाढतो, तर बाहेर येताना का वाढत नाही? छिद्र तर दोन्हीकडून सारखंच आहे.

नळाचं पाणी गाळून, उकळून प्या.

प्रश्न : माझ्या सासूबाई वर्षानुवर्षं झोपताना सोनामुखी घेतात, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. आता डॉक्टरांनी बिसाकोडिलच्या गोळ्या दिल्यात, त्याही सकाळीच लागू पडतात. हे औषध आतड्यात नेमकं करतं काय? – एक वाचक, रत्नागिरी

ताई, वर्षानुवर्षं पुस्तकात एकच उत्तर होतं : ही औषधं मोठ्या आतड्याच्या नसांना चेतवतात, आतडं जोरानं आकुंचन पावतं. ते आहेच. पण जपानी संशोधकांनी उंदरांवर आणखी एक गोष्ट दाखवली आहे. बिसाकोडिल दिल्यावर काही तासांत मोठ्या आतड्याच्या पेशींमधलं तीन क्रमांकाचं अ‍ॅक्वापोरिन कमी होतं. औषध आतड्याच्या भिंतीतल्या भक्षक पेशींना चेतवतं, त्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं संदेशद्रव्य सोडतात आणि त्याच्या इशाऱ्यानं शेजारच्या अस्तरपेशी हे प्रथिन कमी करतात. परत घ्यायचं पाणी मग मळातच राहतं, मळ मऊ होतो. सोनामुखीतला सेनोसाइड हा घटक मोठ्या आतड्यातले जंतू आधी मोडतात आणि त्यातून तयार होणारं द्रव्य जवळपास हाच मार्ग धरतं. रात्री घेतलं की सकाळी, ते यासाठी. मोठ्या आतड्यापर्यंत प्रवास आणि मग ही सगळी साखळी. याच्या उलट मॉर्फीन. त्यानं उंदरांत हेच प्रथिन वाढलेलं दिसतं, आणि मॉर्फीनवरच्या रुग्णाला किती घट्ट होतं ते कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांना विचारा.

हे सगळं उंदरांवरचं आहे, तेवढं ध्यानात ठेवा. पण मोठ्या आतड्यात ही प्रथिनं शोभेची नाहीत, असं मी सरांना वर म्हटलं, त्यामागचा माझा मोठा आधार हाच.

सासूबाईंबद्दल : कोकणातल्या घरांत सोनामुखी चहापत्तीच्या शेजारीच असते, हे मला माहीत आहे. "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही" हे मात्र खरं नाही. रोज घेऊन पोटॅशियम कमी होऊ शकतं, आणि त्या रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेत असतील तर धोका दुप्पट. रक्त तपासून घ्या. आणि डॉक्टरांना दोन्ही सांगा, एक लपवून एक नको.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. जुलाब झाले की तो ओआरएसचं पाणी थुंकून टाकतो, पण दुकानातलं फळाच्या चवीचं, खोक्यातलं पेय आवडीनं पितो. आम्ही तेच देतो. शिवाय पाकीट एकदम संपत नाही म्हणून अर्ध्या पाकिटाचं करतो. चालेल ना? – नाशिक

दोन्ही चालणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. २००२ सालापासून सगळं मिळून द्रावणाची तीव्रता (विरघळलेल्या कणांचं माप) लिटरला २४५ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्ताच्या २८५-२९० पेक्षा मुद्दाम थोडी कमी ठेवली आहे, पाणी आतून रक्ताकडे जावं म्हणून. गोड पेयांची तीव्रता सहाशे-सातशेच्या घरात असते आणि मीठ नावाला. ती साखर आतड्यात पोचली, की पाणी रक्तातून आतड्यात येतं. त्याच छिद्रांतून, त्याच सांध्यांतून. जुलाब वाढतात. खोक्यावर "ओआरएस" लिहिलंय म्हणून भुलायचे दिवसही गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं या सूत्राबाहेरच्या पेयांना ते नाव वापरायला बंदी केली आहे. जुना माल कुठे दिसला तर मागची बाजू वाचा.

अर्धं पाकीट अंदाजानं ओतू नका. मीठ आणि ग्लुकोज पाकिटात सारखं पसरलेलं असेलच असं नाही, आणि "अर्धा लिटर" म्हणून घेतलेला तांब्या कधी पाऊण लिटरचा निघतो. पाकिटावर छापलंय तेवढंच पाणी घ्या; २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, तीच आणा. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. रात्री-अपरात्री पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अर्धाच. चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये.

थुंकतो, कारण तुम्ही पेला तोंडाला लावता. चमच्यानं द्या, मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. तरीही नको म्हणाला तर तांदळाची पातळ पेज, मीठ घालून. आजीचं हे औषध मी मनापासून सुचवते. पिठूळ पदार्थ आतड्यात हळूहळू मोडून ग्लुकोज देतो, एकदम तीव्रता वाढवत नाही, म्हणजे सोडियमला सोबती मिळतो आणि पाणी उलटं येत नाही.

डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, मूल पेंगुळलेलं वाटलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरचे उपाय बंद आणि दवाखाना. आणि डॉक्टरांनी झिंकची गोळी दिली असेल तर जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले म्हणून ती सोडू नका. तुमच्या मुलाच्या वयाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस, सांगितले तितके पूर्ण करा.